दारावरची चांदणी

दिवाळीचे दिवे विझून काही आठवडे लोटले, की छत्रपती संभाजीनगरची हवा पालटू लागते. शहराभोवतालच्या डोंगरांवरून पहाटे बोचरा वारा उतरतो. शिवारात शाळू पोटऱ्यात येतो, तुरीच्या शेंगा भरू लागतात आणि सकाळी शाळेला निघालेली मुले स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून घेऊन चालतात. याच दिवसांत शहरातील काही घरांच्या दारांवर कागदाच्या मोठमोठ्या चांदण्या झळकू लागतात. संध्याकाळी त्यांच्या पोटात दिवा लागतो आणि तांबडा-पिवळा प्रकाश गल्लीतल्या फरशीवर सांडतो. नाताळ जवळ आल्याची ती खूण असते.

नाताळ म्हणजे २५ डिसेंबर, एवढे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु हा सण एका दिवसात येत नाही. २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार मोजावेत. त्यांतील पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्या दिवसापासून ‘आगमनकाळ’ सुरू होतो. येशू ख्रिस्ताच्या जन्मोत्सवाची वाट पाहण्याचा हा काळ होय. घर झाडावे तसे मनही झाडून घ्यावे, रुसवेफुगवे मिटवावेत आणि आपल्याजवळचे थोडे दुसऱ्याला द्यावे, असा या दिवसांचा नेम आहे. ‘नाताळ’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. त्याचे मूळ लॅटिन भाषेत असून त्याचा संबंध ‘जन्म’ या अर्थाशी आहे.

वाट पाहणे मुलांना जड जाते, हे साऱ्या जगात सारखेच. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात योहान हिनरिख विखेर्न नावाचे एक धर्मोपदेशक गरीब व निराधार मुलांसाठी आश्रम चालवीत असत. “नाताळ केव्हा येणार?” असे मुले त्यांना रोज विचारून भंडावून सोडीत. तेव्हा १८३९ साली त्यांनी एक युक्ती केली. गाडीचे एक जुने चाक घेऊन त्यावर त्यांनी मेणबत्त्या बसविल्या. रोजची एक लहान मेणबत्ती आणि रविवारची एक मोठी. दररोज एक नवी ज्योत लागे आणि चाकावरचा उजेड वाढत जाई. किती दिवस उरले, हे मुलांना न विचारताच कळू लागले. पुढे चाकाच्या जागी हिरव्या पानांचे कडे आले आणि रविवारच्या चार मेणबत्त्या तेवढ्या राहिल्या. आशा, शांती, आनंद आणि प्रेम अशा चार गोष्टी त्या चार ज्योती सुचवितात, असे अनेक ठिकाणी मानतात.

आता छावणीच्या बाजूला राहणारे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. घरात आजोबा-आजी, आई-बाबा, नववीत शिकणारी ताई आणि सातवीत शिकणारा धाकटा. बाबा वाळूजच्या एका कारखान्यात काम करतात. आई परिचारिका आहे. कधी दिवसपाळी तर कधी रात्रपाळी. आजोबांचे उभे आयुष्य छापखान्यात शिशाचे खिळे जुळविण्यात गेले. आता ते निवृत्त आहेत. पण त्यांच्या बोटांना अजून स्वस्थ बसवत नाही.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी आजोबांनी अंगणात पसारा मांडला. बांबूच्या कामट्या, सुतळी, पतंगाचा कागद आणि आजीने शिजवून दिलेली मैद्याची खळ. पाच सारख्या लांबीच्या कामट्या एकमेकींवर आडव्या-तिरप्या ठेवून त्यांनी एक पंचकोनी चांदणी बांधली. मग तशीच दुसरी. दोन्ही चांदण्या एकीवर एक ठेवून त्यांची पाचही टोके त्यांनी घट्ट बांधली आणि मधोमध पाच आखूड कामट्या उभ्या अडकविल्या. त्याबरोबर ती चपटी चांदणी फुगून टचटचीत झाली आणि दिव्यासाठी तिच्या पोटात जागा झाली.

“पाहिलेस? पंधरा कामट्या, एवढेच काय ते गणित!” आजोबा म्हणाले.

दरवर्षी या कामात पुढे असणारा धाकटा त्या दिवशी मात्र मान खाली घालून खळ ढवळीत बसला होता. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, “आजोबा, यंदा चांदणी बाहेर नको. घरातच लावू या.”

आजोबांचा हात थांबला. “का रे बाळ?”

प्रथम त्याने सांगितले नाही. मग एकदम त्याचा गळा दाटून आला. शाळेच्या मैदानावर एक मित्र त्याला म्हणाला होता, “तुमचा सण साहेबांचा. साहेब गेले, सण मागे राहिला.” बाकीची मुले हसली होती. बोलणारा मित्र काही दुष्ट नव्हता. तो रोज धाकट्याच्या डब्यातली पोळी खाई. त्याने कुठेतरी ऐकले आणि बोलून टाकले, एवढेच. परंतु तो शब्द धाकट्याच्या मनात काट्यासारखा रुतून बसला होता.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी कागद बाजूला सारला आणि विचारले, “येशूचा जन्म कोठे झाला?”

“बेथलेहेमला.”

“आणि बेथलेहेम कोणत्या खंडात आहे?”

धाकट्याने क्षणभर विचार केला. “आशियात.”

“म्हणजे साहेबांच्या विलायतेत नव्हे. तो आपल्याच खंडाच्या पश्चिम टोकाला जन्मला. इंग्रज या देशात येण्याच्या कित्येक शतके आधीपासून केरळात ख्रिस्ती लोक राहत आहेत. आता आपल्या मराठीचे ऐक. आपले हे शहर वसले केव्हा?”

हे मात्र धाकट्याला पाठ होते. “मलिक अंबरने १६१० साली खडकी वसविली. पुढे तिचे औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर.”

“बरोबर. हे शहर वसून अवघी सहा वर्षे झाली होती, तेव्हा १६१६ साली गोव्यात एक मराठी ग्रंथ छापला गेला. त्याचे नाव ‘ख्रिस्तपुराण’. फादर थॉमस स्टीफन्स यांनी तो लिहिला. हे गृहस्थ मूळचे इंग्रज खरे. पण १५७९ साली ते गोव्यात आले आणि मराठीचेच होऊन राहिले. येशूची कथा सांगण्यासाठी त्यांनी कोणता छंद निवडला, ठाऊक आहे? ओवी! ज्ञानेश्वरांनी ज्या छंदात गीता सांगितली, तोच छंद. एकदोन नव्हे, जवळजवळ अकरा हजार ओव्या! मराठी भाषेची थोरवी सांगताना त्यांनी तिला मोगऱ्याची आणि कस्तुरीची उपमा दिली. गंमत अशी, की त्या काळी गोव्यात देवनागरीचे खिळेच नव्हते. त्यामुळे तो सगळा मराठी ग्रंथ रोमन अक्षरांत छापावा लागला.”

खिळ्यांची गोष्ट निघताच आजोबांचे डोळे चमकले. अक्षरे हाताशी नसताना ग्रंथ छापण्याची अडचण त्यांच्याइतकी त्या घरात दुसरे कोण जाणणार?

आतापर्यंत दारात तांदूळ निवडीत बसलेली आजी म्हणाली, “आणि रेव्हरंड टिळकांचे नाव कसे विसरता? ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता शाळेत आम्ही घोकली होती. बाणाने घायाळ झालेली ती पक्षीण पिलांसाठी तळमळत घरट्याकडे निघते, ते वाचताना वर्गात मुलींचे डोळे भरून येत.”

“तेच ते नारायण वामन टिळक,” आजोबा म्हणाले. “फुलांमुलांचे कवी. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढची पुष्कळ वर्षे ते आपल्या शेजारच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला राहिले. अभंग आणि भजने त्यांनी सोडली नाहीत. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी टाळ-मृदंगाच्या चालीवर गाइली. त्यांची भजने आजही मराठी प्रार्थनामंदिरांत म्हटली जातात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या आणि त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिले. मराठीतल्या उत्तम गद्यग्रंथांत त्याची गणना होते. आपल्या या शहरात एकोणिसाव्या शतकात रतनजी नौरोजी यांनी धर्मोपदेशकाचे काम केले. ते जन्माने पारशी होते. आणि अगदी अलीकडची गोष्ट सांगू? २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. मराठवाड्याच्या मातीत मराठी सारस्वतांनी एका ख्रिस्ती धर्मगुरूला अध्यक्षपदी बसविले. आता सांग, हा सण कोणाचा?”

धाकटा काही बोलला नाही. आजोबांनी चांदणी त्याच्या हातात दिली. “कागद तू चिकटव. आणि ती आत लावायची की बाहेर, तेही तूच ठरव. मी सांगितले म्हणून लावू नकोस.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, घरातील मंडळी सकाळीच प्रार्थनामंदिरात गेली. छावणीतील ख्राइस्ट चर्च, संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचे कॅथलिक कॅथेड्रल, तसेच शहरातील लहानमोठी प्रार्थनामंदिरे आगमनकाळात झाडूनपुसून लख्ख होतात. वेदीजवळ हिरव्या पानांचे कडे ठेवले होते. त्यावरील चारांपैकी एकच मेणबत्ती लावली गेली. तीन मेणबत्त्या अजून विझलेल्याच होत्या. परंतु त्या एका ज्योतीकडे सर्वांचे डोळे लागले होते. ती आशेची ज्योत होती.

रात्री घरीही तसाच एक छोटासा सोहळा झाला. पितळी ताटलीत आजीने आंब्याची व पेरूची पाने मांडली आणि त्यांत चार मेणबत्त्या उभ्या केल्या. आई रुग्णालयातून यावयाची होती. पाळी बदलणाऱ्या सोबतिणीला यावयास उशीर झाला, म्हणून आईलाही उशीर झाला. धाकटा दोनदा काडेपेटी हातात घेऊन परत ठेवीत होता. “लावू का?” त्याने विचारले.

“थांब,” बाबा म्हणाले. “वाट पाहण्याचाच तर हा सण.”

नऊ वाजून गेल्यावर आई आली. हातपाय धुऊन ती ताटलीपाशी बसली आणि मग पहिली ज्योत लागली. आजोबांनी छोटी प्रार्थना म्हटली. त्या प्रार्थनेत रुग्णालयातील आजारी माणसे होती, शेतात राखणीला बसलेले शेतकरी होते आणि “ज्यांच्या घरी आज दिवा नाही” ते सर्व होते.

पुढच्या आठवड्यात घरात लगबग सुरू झाली. ताईने परळात माती घालून गहू पेरले. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतात ना, अगदी तसेच. पंधरा दिवसांत त्याचे हिरवेगार रोप होते आणि मग ते येशूजन्माच्या देखाव्यात रानासारखे मांडता येते. हा देखावा उभारण्याची रीतही जुनी आहे. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी संत फ्रान्सिस असीसीकर यांनी खरी गव्हाण, चारा, बैल आणि गाढव आणून येशूच्या जन्माचा प्रसंग लोकांपुढे उभा केला. मोठ्या राजवाड्याऐवजी गोठ्यात, पाळण्याऐवजी गव्हाणीत बाळ जन्मले, हे त्यांना डोळ्यांनी दाखवायचे होते. ग्रंथातील अवघड वचने ज्यांना वाचता येत नव्हती, त्या शेतकऱ्यांनाही ती गव्हाण तत्काळ समजली. मराठवाड्यातील मुलाला तर ‘गव्हाण’ या शब्दाचा अर्थ सांगावाच लागत नाही. ताईने गोठ्याच्या छपरासाठी मामाच्या गावाहून बाजरीचे सरमड मागविले होते.

शनिवारी आजी आणि धाकटा पीठ, साखर व तुपाचे डबे घेऊन बेकरीत गेले. नानखटाई घरी भाजण्यापेक्षा भट्टीवर भाजून आणावी, अशी त्या घरातली रीत होती. बेकरीचे म्हातारे चाचा आजीला पाहताच म्हणाले, “या भाभी! थंडी पडली तेव्हाच म्हटले, आता तुमचा डबा येणार.” त्यांनी पीठ मळले, वेलदोडा कुटून घातला आणि गोळे पत्र्याच्या तबकात ओळीने मांडले. भट्टीचे झाकण उघडताच गोड, खरपूस वास रस्त्यापर्यंत पसरला. आजीने भाजणावळ पुढे केली. चाचांनी ती मोजून घेतली आणि सगळ्यांत वरची एक नानखटाई धाकट्याच्या हातावर ठेवली. “ही ईदला तुमच्या आजोबांना देणे लागत होतो,” ते हसून म्हणाले.

परत येताना धाकटा बराच वेळ गप्प होता. ओवीतले पुराण, घटासारखे गव्हाचे परळ, भट्टीवरची नानखटाई आणि घरी आजीने करायला घेतलेल्या करंज्या या सर्व गोष्टी त्याच्या मनात एकामागून एक येत होत्या. साहेबाला यांतले काय ठाऊक होते? घरी पोहोचताच त्याने स्टूल आणले. दारावरच्या खिळ्याला चांदणी अडकविली, तार ओढून दिवा जोडायला बाबांना हाक मारली आणि कळ दाबली. तांबड्या-पिवळ्या उजेडाने ओटा भरून गेला.

काही वेळाने गल्लीतून जाणारा एक मुलगा चांदणीखाली थांबला. मैदानावर बोललेला तोच मित्र! मान वर करून तो बराच वेळ पाहत राहिला.

“विकत आणलीस?” त्याने विचारले.

“नाही. आजोबांनी बांधली. कागद मी लावला.”

“आमच्या आकाशकंदिलाच्याही अशाच कामट्या असतात. पण तो असा फुगत नाही. हा कसा फुगला?”

धाकट्याच्या मनातला काटा एकदम निघाला, असे नव्हे. त्याने क्षणभर मित्राकडे पाहिले. मग उरलेल्या कामट्या तो बाहेर घेऊन आला. “बैस. पंधरा लागतात,” तो म्हणाला. दोघे ओट्यावर बसले. आजीने बशीतून दोन नानखटाया आणून ठेवल्या आणि काही न बोलता ती आत गेली.

तिसऱ्या आठवड्यात गाणाऱ्या तरुणांची टोळी गल्लीत आली. कोणाजवळ ढोलकी होती, कोणाजवळ झांजा, तर कोणाजवळ गिटार. दारोदार जाऊन ते येशूजन्माची गाणी म्हणत होते. कोणी गोड खाऊ देई, कोणी पैसे देई. जमलेले पैसे गरजू कुटुंबांना धान्य आणि पांघरुणे देण्यासाठी खर्च व्हावयाचे होते. गाणी ऐकायला शेजारपाजारची माणसे ओट्यांवर आली. त्या गल्लीत आता दोन चांदण्या होत्या. दुसरी जराशी वाकडी होती. पण तिच्या पोटातला दिवा तितकाच तेजाळ होता. ताटलीतील तीन मेणबत्त्या लागल्या होत्या. चौथी अजून वाट पाहत होती.

सण कोठून आला, याचा इतिहास अवश्य शिकावा. परंतु सण कोणाचा, हे ठरते ते माणसे तो कोणत्या भाषेत गातात, कोणत्या हातांनी रांधतात आणि कोणाबरोबर वाटून खातात यावरून. दिवाळीची पणती, ईदची शिरखुर्म्याची वाटी आणि नाताळची चांदणी एकाच गल्लीत नांदतात, तेव्हा त्या गल्लीतील कोणाही मुलाला आपला दिवा आत लपवावासा वाटू नये, एवढी काळजी इतर सर्व मुलांनी घ्यावयाची असते. दारावरची चांदणी वाटेवर उजेड पाडते. वाटसरू कोण आहे, हे ती कधी विचारीत नाही.

स्वाध्याय

१. आगमनकाळ केव्हा सुरू होतो? यंदाचा पहिला रविवार कोणत्या तारखेस येतो, ते दिनदर्शिकेवरून काढा.
२. चांदणी घरात लावावी, असे धाकट्याला का वाटले? त्याचे मन कोणकोणत्या गोष्टींमुळे पालटले?
३. “मी सांगितले म्हणून लावू नकोस,” असे आजोबा का म्हणाले असावेत?
४. ‘वाट पाहण्याचाच तर हा सण’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
५. तुमच्या गावातील एखाद्या सणात वेगवेगळ्या धर्मांची माणसे कशी सहभागी होतात, ते दहा ओळींत लिहा.
६. पंधरा कामट्यांची चांदणी वडीलधाऱ्यांच्या मदतीने तयार करा.